फर्स्ट क्लासमधून आलेली मावशी

आमच्या घरात वस्तू दोनच वाटांनी यायच्या. एक बाजारातून, आणि दुसरी रेल्वेच्या डब्यातून. आबा दौंडच्या यार्डात डबे धुण्याच्या कामावर होते. मनमाडकडे जाणारे, पुण्याकडे जाणारे, कुठून तरी तोडून आणलेले आणि कुठे तरी जोडायचे असलेले डबे यार्डात उभे राहत. आबा आणि त्यांच्या गँगमधले लोक ते आतून झाडायचे, बाहेरून पाइपनं धुवायचे. माणसं डब्यात काय काय विसरतात याची यादी मी लहानपणी एका जुन्या वहीत करत असे: छत्र्या, एका पायातल्या चपला, लहान मुलांचे टोपडे, पितळी डबे, एकदा एक कवळी. नियम असा की सापडलेली वस्तू स्टेशनात जमा करायची. आबा जमा करायचे. मालक आला नाही आणि साहेबालाही ती नको असली, तर साहेब म्हणायचा, "घेऊन जा रे ती." ज्या वस्तू साहेबाला नको असत त्यांनीच आमचं घर सजलं होतं. कवळी मात्र साहेबालाही नको होती आणि आम्हालाही.

मॅट्रिक झाल्यावरच्या सुट्टीत आबांनी एक पुस्तक आणलं. इंग्रजी, जाड, नवंकोरं. मागच्या बाजूला एका बाईचं मोठं छायाचित्र होतं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. पुस्तक पालथं पडलेलं तिनं पाहिलं आणि तिचा हात भाकरीवरच थांबला.

"अगं बया! ही तर आपली पाटसची भागी!"

भागी म्हणजे आईची मावसबहीण, पाटसला उसाच्या तोडीवर जायची. मी पाहिलं. तेच रुंद कपाळ, तेच जाड ओठ, तीच समोरच्याला तोलणारी नजर, आणि कुणी हसायला सांगितलं म्हणून मुद्दाम न हसलेला तोच चेहरा.

"भागी कशाला पुस्तक लिवती?" आबा म्हणाले. "अमेरिकेची बाई हाय. साहेबानं सांगितलं. काळ्या लोकांतली. लई नावाजलेली हाय म्हनं."

"मग भागीची कोन तरी असंल," आई म्हणाली आणि भाकरी उलटली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्या दिवसापासून ती लेखिका आमच्या घरात मावशी झाली. तिचं खरं नाव आईला आणि आबांना कधी म्हणता आलं नाही, आणि आमच्या घरी जे नाव म्हणता येत नव्हतं ते मी इथेही लिहीत नाही. आमच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, वस्तीतल्या प्रत्येक बौद्ध घरात असतात त्याच. मी पुस्तक त्यांच्याखालच्या फळीवर उभं करून ठेवलं, छायाचित्र पुढे करून. आईनं ते एक वीत बाजूला सरकवलं. तिचं म्हणणं, मावशी झाली तरी पाहुणीच आहे, एकदम मध्यभागी बसत नाहीत.

मी ते शब्दकोश नसताना वाचायला घेतलं, म्हणजे वाचलं असं म्हणायचं धाडस नको. पहिल्या पानावर मला एकतीस शब्द अडले. मी त्यांची यादी केली. दुसऱ्या पानावर चाळीस. यार्डातल्या शंटिंगच्या धडाधडीत, कोळशाच्या धुरात, आईच्या बोंबलाच्या चटणीच्या वासात मी यादी करत राहिले, आणि सुट्टी संपेपर्यंत माझ्याकडे तेराशे इंग्रजी शब्द जमा झाले, ज्यांतल्या एकाचाही अर्थ मला ठाऊक नव्हता. आजही कुणी मला तू एवढी पद्धतशीर कशी असं विचारलं की मी त्या यादीची आठवण काढते. पद्धत तेवढी होती, बाकी काही नव्हतं.

पुढे माझं नाव शिरूरच्या कॉलेजात घातलं; पुस्तकही मी सोबत नेलं. जाहीर कारण असं की रेल्वेच्या आवाजात अभ्यास होत नाही आणि शिरूरला मामाचं घर आहे. खरं कारण मामीला हाताखाली माणूस हवं होतं. मामा एसटीत कंडक्टर, मामी दिवसभर चुलीपाशी आणि मी दोघांच्या मध्ये. मामा ड्यूटीवरून आला की आधी तिकिटांची पेटी खुंटीला लावायचा, मग मला विचारायचा, "काय म्हनतीया तुजी अमेरिका?" मी म्हणायचे, "बारावं पान." तो म्हणायचा, "आमची गाडी न्हावऱ्याला पोचती तेवढ्यात." मामाच्या विनोदांना मी हसायचे, कारण हसलं नाही तर तोच विनोद तो जेवताना पुन्हा करायचा.

शब्दकोश शिरूरच्या वाचनालयात होता. तो घरी देत नसत, म्हणून मी रोज कॉलेज सुटलं की तिथे जाऊन बसायची. वाचनालयाच्या चिटणीस सुमतीकाकू होत्या. नेसणं नीटनेटकं, बोलणं त्याहून नीटनेटकं. त्यांनी माझी वही पाहिली, अक्षर पाहिलं, आणि मनापासून म्हणाल्या, "तुमच्यात असून किती स्वच्छ अक्षर गं!" इतकं निर्मळ कौतुक माझं त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्यांनी लगेच मला वाचनालयाची रजिस्टरं लिहायचं काम दिलं. कामाला नाव होतं 'मदत'. मदतीचा फायदा असा की मला पुस्तक नेण्याची परवानगी मिळाली, आणि रजिस्टर माझ्याच हाती असल्यामुळे काही गोष्टी मला आपोआप कळू लागल्या. उदाहरणार्थ, कुणीही परत केलेलं पुस्तक त्याच दिवशी कपाटात जायचं. मी परत केलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी जायचं. मधला एक दिवस ते मागच्या खिडकीत उन्हात ठेवलेलं असायचं.

मी विचारलं. काकू म्हणाल्या, "कसर लागते गं पुस्तकांना. ऊन दाखवलेलं बरं असतं."

कसर फक्त मलाच ओळखत होती. बाकी साडेतीनशे सभासदांच्या घरी ती जात नसे.

हे मला तेव्हा फार टोचलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण खरं सांगायचं तर मला शब्दकोश हवा होता, आणि शब्दकोश त्याच खिडकीशेजारच्या टेबलावर होता. मी माझ्या आधीच्या पुस्तकाला ऊन खाताना पाहत पाहत पुढचे अर्थ उतरवून घेत होते. पावसाळा संपेपर्यंत मावशी मला कळू लागली.

आणि मावशी काय बाई होती! पुस्तकाच्या सुरुवातीला तिनं स्वतःची हकीकत लिहिली होती. बाप रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायचा, आई गोऱ्यांचे कपडे धुवायची. गावात वाचनालय होतं, पण काळ्या मुलांना आत मनाई. मग ती मोठी होऊन उत्तरेकडच्या शहरात गेली, एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लागली, आणि कपडे गुंडाळायच्या तपकिरी कागदावर गोष्टी लिहू लागली. पहिली गोष्ट तिनं टपालानं पाठवली. संपादकाला इतकी आवडली की त्यानं तिला भेटायला बोलावलं. दारावरच्या माणसानं तिला पाहिलं आणि धुतलेले कपडे घेऊन आली असेल म्हणून मागच्या दाराला पाठवलं. ती दिवसभर मागे बसून राहिली. संपादक वाट पाहून घरी गेला. मग पत्र, मग माफी, मग गोष्ट छापून आली, आणि गोष्टीशेजारी लेखिकेचं म्हणून एका सोनेरी केसांच्या बाईचं चित्र. मावशीनं लिहिलं होतं की चित्रातली बाई सुंदर होती आणि तिनं गोष्ट नक्कीच फार मेहनतीनं लिहिली असणार.

हे वाक्य मला शब्दकोशाशिवाय समजलं तेव्हा मी वाचनालयात एकटीच मोठ्यानं हसले. काकूंनी वर पाहिलं.

पहिली कादंबरी आली ती चाळिशीला. दुसरीला पुढे अकरा वर्षं, कारण प्रकाशकानं तिला समजावून सांगितलं की तुझे लोक वाचत नाहीत आणि बाकीचे लोक तुझ्या लोकांबद्दल वाचत नाहीत. मावशीनं मधल्या काळात चर्चच्या तळघरात वाचन सुरू केलं. धुणंवाल्या, स्वयंपाकिणी, मोलकरणी यायच्या, आणि एकेक प्रकरण झालं की कुठे खोटं वाटतं ते तोंडावर सांगायच्या. तिसऱ्या कादंबरीला मोठा मान मिळाला. मग तिच्या गावाला अचानक आठवलं की ही आपलीच लेक. ज्या वाचनालयात ती कधी शिरली नव्हती तिथे तिचं चित्र लावलं. ती बघायला गेली. चित्र तळघराकडे उतरणाऱ्या जिन्यात होतं. तिनं समितीचे आभार मानले आणि जिन्यात उजेड चांगला येतो म्हणाली.

दर गुरुवारी दुपारी काकूंचं महिला वाचक मंडळ जमायचं. डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, शकुंतलाबाई, काकूंची मुलगी नलू, आणखी सातआठ जणी. एका गुरुवारी काकूंनी मला त्या पुस्तकाबद्दल सांगायला लावलं. मी दाराशी उभी राहून मागच्या दाराची ती हकीकत सांगितली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं बाई माणसं ती!" शकुंतलाबाई म्हणाल्या. "माणसाला माणूस म्हणून वागवू नये म्हणजे काय!"

"आपल्याकडे असं नाही हो, देवाची कृपा," वकिलीणबाई म्हणाल्या.

मी दाराशी उभी होते, कारण खुर्च्या मोजून मांडलेल्या असायच्या. मीच मोजायची.

पुस्तक मग मंडळात फिरलं. इंग्रजी कुणालाच नीट येत नव्हतं, पण प्रत्येकीनं ते आठआठ दिवस घरी ठेवलं. शकुंतलाबाई म्हणाल्या की मी ते उशाशी घेऊन झोपते, त्या बाईचं दुःख मनातून जात नाही. पुस्तक परत आलं तेव्हा काकूंनी ते मला दिलं नाही. "इथंच राहू दे. तुमच्याकडे सांभाळायला जागा कुठे असणार?" त्यांनी पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का मारला आणि मला रजिस्टर उघडायला सांगितलं. नोंद माझ्याच हातानं झाली. 'कोणाकडून प्राप्त' या रकान्यात काकू म्हणाल्या, "लिही, महिला वाचक मंडळातर्फे." मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं, कारण माझ्याकडे दुसरं अक्षर नव्हतं.

दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीपूजन असायचं. माझ्या कॉलेजचं तेव्हा दुसरं वर्ष होतं. पांढऱ्या चादरीवर निवडक पुस्तकांची उतरंड रचायची, झेंडूची माळ घालायची. आम्ही बौद्ध, आमच्या घरात पूजा नाही, म्हणून मी फुलांची टोपली दाराशी ठेवून बाजूला झाले. काकूंनी सगळ्यात वर मावशीला ठेवलं. परदेशी पुस्तक, तालुक्यात दुसरं नाही, वाचनालयाची शान. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि कपाळ टेकवलं. बाकीच्यांनीही ओळीनं टेकवलं. मावशी वरून सगळ्यांना तोलत होती. कपाळाला हळद लागलेली भागी मी लग्नात पाहिली होती, तशीच दिसत होती.

दिवाळीनंतर मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता आणि त्याला पुण्याहून एक प्राध्यापक यायचे होते. ते एक मासिक काढत. काकूंनी मला सांगितलं, "त्या काळ्या लेखिकेवर बारा पानं लिही. जीवन आणि साहित्य. प्राध्यापकसाहेबांना आवडलं तर मासिकात छापणार म्हणालेत." मी महिनाभर लिहिलं. मामीची भांडी घासून झाली की लिहायचे, बसस्टँडवर बसून लिहायचे, एकदा तर मामाच्या गाडीत शेवटच्या सीटवर बसून लिहिलं आणि तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत जाऊन त्याच गाडीनं परत आले. छापून येणार! माझ्या घराण्यातलं कुणाचंही नाव तोवर मतदारयादीशिवाय कुठे छापलं गेलं नव्हतं.

बारा पानं मी काकूंच्या हाती दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि पुसला.

"उत्तम. फारच उत्तम. नलू वाचेल."

मला वाटलं, घरी वाचायला म्हणतात. "काकू, मी वाचते ना. मला पाठ आहे."

"तसं नव्हे गं. व्यासपीठावर उच्चार लागतात. तू मधेच 'न्हाई' म्हणतेस, 'व्हय' म्हणतेस. पुण्याचे पाहुणे आहेत."

"मग वाचू दे नलूताईंना. पण खाली नाव—"

"नावाचं काय एवढं? मंडळाचं काम आहे, सगळ्यांचं आहे." मग त्या जरा जवळ आल्या आणि आवाज खाली आणला. "हे बघ, नलूला स्थळं येतायत. मुलीचा एक छापील लेख असला की पुण्याची माणसं वेगळ्या नजरेनं बघतात. तुझं काय, तू हुशार आहेस, पुढे कितीतरी लिहिशील."

नलू वाईट नव्हती. ती मला बाहेर येऊन भेटली. "कुसुम, ह्या बाईचं नाव नक्की कसं म्हणायचं गं? आणि हे तळघर म्हणजे धान्याच्या बळदासारखं का?" मी सगळं समजावून सांगितलं. "मला तर वाचताना रडूच फुटतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या गोष्टीशेजारी भलत्याच बाईचं चित्र! किती दुष्ट असतात ना लोक?" ती हे अगदी सरळ मनानं म्हणाली. मी तिच्या डोळ्यांत नीट पाहून घेतलं. तिथे काहीही नव्हतं.

रविवारी मी दौंडला गेले. आबा यार्डातून येऊन अंगणात पाय धूत होते. मी सगळं सांगितलं, रडत नाही, एकापुढे एक मुद्दे सांगतात तसं. शेवटी आबांनी विचारलं, "पुस्तकावर शिक्का मारला?"

"हो."

"तुज्या लिवण्यावर बी मारला?"

"त्याच्यावर नलूताईचं नाव घालणार."

"आन् हे कवा?"

"शनिवारी दुपारी."

आबांनी पाय पुसले. "मी येतो."

"कशाला? तुमाला काय समजनार हाय त्यातलं?" आई आतून म्हणाली.

"समजायला न्हाई चाललो. ऐकायला चाललोय."

मला धास्ती वाटली. आबा भांडतील याची नाही. आबा आयुष्यात कुणाशी मोठ्या आवाजात बोलले नव्हते. डबे धुताना पाणी अंगावर उडालं म्हणून प्रवाशानं शिवी दिली तरी ते "चुकी झाली साहेब" म्हणत. मला धास्ती होती ती ते तिथे "चुकी झाली" म्हणतील याची.

शनिवारी सभागृह भरलं. पाणी द्यायला नलूची मावसबहीण होती. मला दारावर हजेरीचा कागद घेऊन बसवलं होतं. आबा धुतलेला सदरा घालून आले, कागदावर सावकाश स्वतःचं नाव लिहिलं आणि मागच्या ओळीत कडेला बसले. पुढच्या ओळीत मंडळ होतं. टेबलावर झेंडूचा गुच्छ, प्राध्यापक, काकू, नलू आणि मावशी.

नलूनं वाचायला सुरुवात केली. मान्य करते, सुंदर वाचलं. माझं वाक्य इतकं स्वच्छ असू शकतं हे मला तेव्हाच कळलं. मागच्या दाराशी बसलेल्या मावशीपाशी सभागृहात "अरेरे" झालं. सोनेरी केसांच्या बाईपाशी डॉक्टरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काकूंनी तर उघड रुमाल काढला. मी दारावर बसून ऐकत होते. माझी पानं माझ्याशिवाय चालली होती, आणि फार छान चालली होती. सात पानं झाली आणि नलू पाणी प्यायला थांबली.

तेवढ्यात प्राध्यापकांनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं, आणि कौतुकानं म्हणाले, "हे पुस्तक पुण्यातसुद्धा मिळणं मुश्किल आहे. शिरूरसारख्या ठिकाणी तुम्हाला कुठून मिळालं हो हे?"

"आमच्या मंडळाचा संग्रह तसा पहिल्यापासूनच—" काकूंनी सुरुवात केली.

"साहेब, जरा बोलू का?"

आबा उभे राहिले होते. दोन्ही हात पोटाशी जोडलेले.

"आपण कोण?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी ह्या कुसुमचा बाप. दारावर बसलीया ती. दौंडला रेल्वेत डबं धुतो. ते पुस्तक मला घावलं, साहेब."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. काकू हसल्या, समजून घेणारं हसू. "हो, हो, ह्यांच्यामार्फतच आलं ते मंडळाकडे. फार साधी माणसं आहेत."

"वा! कुठे सापडलं तुम्हाला?" प्राध्यापक पुढे झुकले.

"डब्यात."

"कुठल्या?"

"फर्स्ट क्लासच्या." आबा थांबले. मग अदबीनं, पोलिसाला जबाब देतात तसं म्हणाले, "म्हंजी संडासात. आत पानी मारायला गेलो, तर भांड्याच्या कडंला पडल्यालं. लई वल्लं न्हवतं, साहेब. एका बाजूनं फकस्त. मी लगीच पुसून घेतलं. फडकं आमचं तेच असतंय, डबं पुसायचं."

सभागृहात असा आवाज झाला जसा पुढच्या ओळीतल्या सगळ्या खुर्च्यांनी एकदम श्वास घेतला. शकुंतलाबाईंचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. उशाशी आठ दिवस! काकूंच्या कपाळावर दसऱ्याची हळद आता नव्हती, पण त्यांनी कपाळ पुसलं. नलूनं प्यालेला पेला खाली ठेवला, मग आपला हात पाहिला. सगळ्यांत मोठी पंचाईत प्राध्यापकांची. पुस्तक त्यांच्या हातात होतं. पुरोगामी माणूस, खाली टाकता येईना. आणि माणूसच शेवटी, धरवेना. त्यांनी मधला मार्ग काढला. दुसऱ्या कुणाच्या हाती देता येईपर्यंत त्यांनी मावशीला दोन बोटांत धरून ठेवलं.

त्या दिवशी पुस्तक उन्हात ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. शिरूरमध्ये तेवढं ऊन नव्हतं.

आधी काकू सावरल्या. चिटणीसपण काय असतं ते मी त्या क्षणी पाहिलं. त्या उभ्या राहिल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "एक खुलासा करते. ह्या पुस्तकाशी मंडळाचा तसा काही संबंध नाही. ही मुलगी परस्पर घेऊन आली. तिचं स्वतःचं आहे ते."

"आणि हा निबंध?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तोही तिचाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनंच लिहिलाय. आमच्या नलूनं नुसता वाचायला घेतला होता."

नलूनं पानं टेबलावर ठेवली. अगदी कडेला.

"मग काय," प्राध्यापक म्हणाले, आणि हातातलं ओझं कुणाला तरी द्यायला मिळाल्याचा आनंद त्यांच्या आवाजात स्पष्ट होता, "लेखिकेनंच उरलेलं वाचावं. हे घ्या, पुस्तकही घ्या."

मी हजेरीचा कागद खुर्चीवर ठेवला आणि गेले. पाच पानं उरली होती. मला लाज वाटत होती. संडासात सापडलं हे मलाही ठाऊक नव्हतं. मी त्याला नाक लावून वास घेत असे, नव्या पुस्तकाचा येतो तो. तरी वाचलं. चर्चच्या तळघरातल्या धुणंवाल्या वाचल्या, अकरा वर्षं वाचली, जिना वाचला. दोन ठिकाणी 'न्हाई' आलं. आता उच्चारांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, पुढच्या ओळीला हात धुवायला जायची घाई होती. जिन्यातल्या उजेडापाशी मागून एकच टाळी वाजली. मग थोड्या आणखी.

लेख मासिकात आला. खाली माझं पूर्ण नाव, आबांच्या नावासह. 'न्हाई'चं 'नाही' केलं होतं, बाकी स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. वाचनालयाच्या शिक्क्यावर काकूंनी काट मारून दिली आणि रजिस्टरातली नोंद मीच लाल शाईनं रद्द केली, सुंदर अक्षरात. नलूला पुण्याचं स्थळ मिळालं, लेखाशिवाय. त्यांना बहुधा स्वयंपाकाचं विचारायचं होतं. पुढे मी चार पुस्तकं लिहिली आणि तीस वर्षं एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं, पण पहिला छापील लेख म्हटलं की मला आधी ती संध्याकाळ आठवते.

कार्यक्रम संपल्यावर मी आबांना शिरूरच्या स्टँडवर पोचवायला गेले. दौंडच्या गाडीला वेळ होता. आईनं दिलेल्या फडक्यातली भाकरी आणि चटणी आबांनी बाकावर मांडली. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, आणि खरं सांगते, मी त्याला हात लावत नव्हते.

"काय गं, जेवत न्हाईस?" आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? काकूंनी ठेवून घेईपर्यंत मी ते रोज उशाशी घेऊन झोपत होते."

"काय सांगायचं हुतं?"

"संडासात सापडलं ते."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि इकडेतिकडे पाहिलं. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

"बर्थवर हुतं ते," ते म्हणाले. "खिडकीपाशी. कापडात गुंडाळल्यालं. कोरं करकरीत."

आयुष्यभर "चुकी झाली साहेब" म्हणणारा माणूस शांतपणे घास चावत होता.

"मग तिथं असं का म्हणालात?"

"बर्थवर म्हनलो असतो तर त्या बाईनं म्हनलं असतं, बरं झालं, ठिवा आमच्याकडंच. आन् तुजं लिवणं बी त्यांचंच झालं असतं." त्यांनी पाण्याची बाटली उघडली. "संडासातलं म्हनल्यावर कोन आपलं म्हनतंय? बघ की. तुजं हाय, तुजं हाय, म्हनून त्यांनीच चारचौघांत सांगितलं. मला एक शब्द बोलावा लागला न्हाई."